पट्टी कुठे थांबली

टेबलावर तीनशे बारा पानं होती, एका बाजूला छापलेली, न बांधलेली. शेजारी दोन चष्मे, एक पेन्सिल, एक खोडरबर, पाण्याचा जग आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. लाल पेन नव्हतं. निळंही नव्हतं. मोजपट्टीने गठ्ठ्याच्या कडेवरून अंगठा फिरवत पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं, तर तीनशे बारापैकी एकाही पानावर एकही खूण नव्हती.

मोजपट्टी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी दिसेल ते मोजत सुटायची म्हणून वडिलांनी ठेवलेलं. पुढे पदार्थविज्ञान शिकून ती खरोखरच मोजण्याच्या धंद्यात पडली आणि नाव अंगाला चिकटलं ते चिकटलंच. तीन वर्षं प्रयोगशाळेत घर्षण मोजल्यावर तिने घर्षणावरच एक पुस्तक लिहिलं होतं, साध्या वाचकांसाठी. प्रकाशकाला ते आवडलं, पण छापायला न घेता त्याने ते आधी या खोलीत पाठवलं. "घडणीचं संपादन होऊ दे," तो म्हणाला. "शुद्धलेखन नंतर. आधी एक्स-रे बाईंना बघू दे."

एक्स-रे बाई म्हणजे या खोलीच्या मालकीण. पुस्तकाच्या कातडीकडे त्या बघतच नाहीत, थेट हाडं बघतात, म्हणून सगळी प्रकाशनसंस्था त्यांना तसं म्हणायची. त्यांनाही ते ठाऊक होतं.

"वाचायला सवड झाली नसेल तर मी पुढच्या आठवड्यात येते, ताई," मोजपट्टी म्हणाली. आवाज गोड होता, पण आत सुई होती.

"दोनदा वाचलंय," बाई म्हणाल्या. "पहिल्या खेपेला मी हातात काही धरत नाही. हातात पेन आलं की डोळे चुकाच वेचत बसतात. घर कललंय का ते बघायला जावं, आणि माणूस खिडकीची काच पुसत बसतो, तसं होतं."

"मग कललंय?"

"बसा आधी."

मोजपट्टी बसली. प्रकाशक काय म्हणेल याची तिला फारशी धास्ती नव्हती. तिचा जीव अडकला होता दुसऱ्याच वाचकात.

तिचे वडील टर्नर. उभी हयात लेथवर गेली. गेल्या वर्षी कारखान्यातल्या फरशीवर सांडलेल्या तेलावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. आत सळई बसली, बाहेर हातात काठी आली, आणि नोकरी तिथेच संपली. घरी बसल्यावर त्यांनी वाचायला घेतलं. पेपर तर जाहीर नोटिसांसकट. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद दोन्ही बाजूंनी. धुण्याच्या मशीनची पुस्तिकासुद्धा, न कळणाऱ्या भाषेतल्या पानांसकट, कारण त्यांतल्या आकृत्या चांगल्या होत्या. असा माणूस. आणि लेकीच्या पुस्तकाचा गठ्ठा हातात दिल्यावर आठवडाभराने ते म्हणाले, "छान आहे." त्यानंतर गठ्ठा खिडकीपाशी गेला आणि त्याच्यावर मोबाइलचा चार्जर राहायला आला.

आपली मुलगी नक्की काय करते हे त्या माणसाला कधीच कळलं नव्हतं. शेजारच्या काकांनी एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, "ती तिथे काहीतरी घासते." काका म्हणाले, "भांडी?" दोघेही पोट धरून हसले होते. मोजपट्टीही हसली होती, पण पुस्तक लिहायला तिने त्याच आठवड्यात घेतलं. तिला एवढंच हवं होतं, की हा एक माणूस शेवटच्या पानापर्यंत पोचावा.

"तिसऱ्या प्रकरणात मला सडकून भूक लागली," बाई सांगत होत्या. "पान पंचावन्न."

"म्हणजे?"

"म्हणजे लक्ष उडालं. मी उठून काहीतरी तोंडात टाकलं. पुस्तकात जीव असला की भूक लागलेली कळत नाही. सातव्या प्रकरणात ब्रेकचं आलं तेव्हा मी दोन थांबे पुढे जाऊन उतरले. आठव्यात पुन्हा झोप." मग त्यांनी पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, कागदाकडे एकदाही न बघता. कुठे काय आलं, कुठे काय यायला हवं होतं म्हणून त्या वाट बघत राहिल्या, कुठल्या पानावर ते विसरून गेल्या. मोजपट्टीला पहिल्यांदा राग आला, मग लाज वाटली, मग दोन्ही विसरून ती नुसती ऐकत राहिली. आपल्याच घराचा नकाशा कुणी परक्याने हवेत बोटाने काढून दाखवावा आणि त्यात एक खोली अशी निघावी की जिचं दार आपण कधी उघडलंच नाही, तसं तिला होत होतं.

बाईंनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे सरकवला. "चौदा प्रकरणं आहेत. एकेका चिठ्ठीवर एकेक प्रश्न लिहा. प्रकरणात काय आहे ते नको. ते कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे, ते."

सोपं वाटलं. पहिल्याच चिठ्ठीशी पेन्सिल अडली.

"वंगणाचे प्रकार," मोजपट्टी म्हणाली. "याला प्रश्न... वंगणाचे प्रकार किती?"

"असं कोण विचारतं?"

"कुणी नाही."

"मग हे उत्तर आहे, पण कुणीच न विचारलेल्या प्रश्नाचं. आणि दुसरं प्रकरणही तेलाचंच. नमनाला घडाभर तेल म्हणतात, तुम्ही ते अगदी शब्दशः केलंय."

मोजपट्टीला हसू फुटलं. बाई मात्र हसल्या नाहीत, त्यांनी गठ्ठ्यातून चार पानं बाहेर ओढली. एकशे त्रेचाळीस ते एकशे शेहेचाळीस.

"ही कोणी लिहिली?"

"मीच."

"हात तुमचाच, ते मान्य. पण ऐका." त्यांनी दुसरा चष्मा लावला. "'आपण पाऊल टाकतो तेव्हा पायाने जमिनीला मागे रेटतो. जमीन तेवढ्याच जोराने आपल्याला पुढे रेटते. आपल्याला वाटतं आपण चाललो. खरं तर जमिनीने होकार दिला.'" त्यांनी पानं खाली ठेवली. "तीनशे पानं तुम्ही 'आम्ही' म्हणता. आम्ही मोजलं, आम्हाला आढळलं. इथे चार पानं एकदम 'आपण'. पाचव्या पानावर पुन्हा 'आम्ही'. या चार पानांत काय झालं होतं?"

मोजपट्टीने पानं हातात घेतली. तिला हे ठाऊकच नव्हतं. प्रयोगशाळेत पहिल्या वर्षी मार्गदर्शकांनी शिकवलेलं, शोधनिबंधात 'मी' लिहायचं नसतं, एकटी असलीस तरी 'आम्ही'. ते इतकं अंगात मुरलं होतं की 'आम्ही' म्हणताना समोरच्याच्या तोंडावर दार लागतं हे कधी जाणवलंच नाही. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर, 'आपण' म्हटलं की आत. हे तर शाळेत जायच्या आधीपासून प्रत्येकाला येतं.

"दवाखान्यात," ती सावकाश म्हणाली. "बाबांना पहिल्यांदा चालवलं त्या दिवशी. ते वॉकर धरून उभे होते आणि पाय उचलतच नव्हते. फरशी चकचकीत होती, त्यांना वाटत होतं पुन्हा तेल आहे. मी काहीबाही बोलत राहिले. बाबा, आपण पाय मागे रेटायचा, बाकीचं जमीन करते. ते संपूर्ण कॉरिडॉर चालले. घरी आल्यावर मी ते लिहून काढलं."

बाईंनी दुसरा चष्मा उतरवून ठेवला. मग त्यांनी विचारलं, "त्यांनी वाचलं पुस्तक?"

"सोडून दिलं मधेच."

"कुठल्या पानावर?"

"असेल सुरुवातीलाच कुठेतरी."

"मोजणाऱ्या ना तुम्ही? अंदाज कसले सांगता. बघून या."

घरी वडील खुर्चीत होते. गठ्ठा खिडकीपाशी, त्यातून पितळी शिमची पट्टी अर्धा इंच बाहेर डोकावत होती. लेथवर काम बसवताना कमी-जास्त भरून काढायला वापरतात ती पातळ पट्टी. कारखान्यातून येताना त्यांनी दोन गोष्टी घरी आणल्या होत्या, ही पट्टी आणि त्यांचा व्हर्नियर, दोन जबड्यांत धरून बारीक जाडी मोजायचा. पट्टी पुस्तकात खूण म्हणून राहायची आणि व्हर्नियर खिडकीत उन्हाला.

गठ्ठा उघडला असता तर त्यांना कळलं असतं आणि ते पुन्हा "छान आहे" म्हणाले असते. म्हणून तिने व्हर्नियर घेतला आणि पट्टीच्या वरच्या पानांची जाडी मोजली. तीन पूर्णांक एक मिलिमीटर. आख्खा गठ्ठा एकतीस पूर्णांक दोन. म्हणजे एक पान एक दशांश मिलिमीटरचं, आणि वडील एकतिसाव्या पानाशी थांबलेले.

"काय मोजतेस गं?" खुर्चीतून आवाज आला.

"धूळ."

"ती मोजायची नसते. पुसायची असते."

तिने तिच्या प्रतीतलं एकतिसावं पान काढलं. बहुतेक पान तेलाच्या घट्टपणाबद्दल होतं, पण तळाशी, पुढच्या मुद्द्याकडे वळताना, एक साधं वाक्य होतं. लिहिताना तिला ते चुरचुरीत वाटलेलं. 'आम्ही रोज हजारो पावलं टाकतो आणि त्यांतल्या एकाचाही विचार करत नाही.'

तेवढ्यात वडील पाणी प्यायला उठले. आधी हात खुर्चीच्या दांड्यावर. मग काठी, मग काठीच्या टोकाकडे नजर. मग फरशीकडे, पाऊल जिथे पडणार होतं नेमकं तिथे. मग पाऊल. मग पुन्हा पहिल्यापासून. खुर्चीपासून माठापर्यंत त्यांनी एकही पाऊल विचार न करता टाकलं नाही.

मोजपट्टी वाक्याकडे बघत राहिली. या वाक्यात कुणाकुणाला घरात घेतलं होतं आणि कुणाला दाराबाहेर उभं केलं होतं, ते आता लख्ख दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने जे केलं ते फक्त विज्ञानाच्या माणसालाच सुचू शकतं. रोग सापडला, कारण सापडलं, मग उपाय एकाच फटक्यात. संगणकाला सांगितलं, 'आम्ही' दिसेल तिथे 'आपण' कर. सहाशे अकरा ठिकाणी झालं. जीव भांड्यात पडला. ताजी प्रत घेऊन ती एक्स-रे बाईंच्या खोलीत हजर झाली.

बाईंनी मधूनच एक पान काढून मोठ्याने वाचलं. "'आपण नमुना दोनशे अंशांपर्यंत तापवला.'" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मी नव्हते हो तिथे. दोनशे अंश म्हणता, आठवलं असतं मला."

"ताई..."

"'त्यानंतर आपण तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.' मी त्या दिवशी बाजारात गेले होते. साक्षीदार आहेत." मग "बाबा कुठे थांबले?" असं विचारून त्यांनी मोजपट्टीने सांगितलेलं एकतिसावं पान काढलं आणि थट्टा थांबवली. "'आपण रोज हजारो पावलं टाकतो आणि त्यांतल्या एकाचाही विचार करत नाही.' हे वाचून बाबा आत आले, की अजून लांब गेले?"

मोजपट्टीने पट्टीचं सांगितलं. व्हर्नियरने मोजल्याचं, आणि खुर्चीपासून माठापर्यंतच्या चालण्याचं. सांगताना तिचं तिलाच कळत गेलं की इथे एक शब्द बदलून भागणार नाही. वाक्यच खोटं होतं. तिच्यापुरतं खरं, त्यांच्यापुरतं खोटं, आणि पुस्तक दोघांसाठी होतं.

बाई उठल्या आणि चौदा चिठ्ठ्या जमिनीवर ओळीने मांडल्या. मग त्यांनी एक पंधरावी चिठ्ठी घेतली, पण लिहिली नाही. पेन्सिल मोजपट्टीच्या हातात दिली.

"प्रत्येक पावलाचा विचार करणारा एक माणूस आहे तुमच्याकडे. त्याचा प्रश्न काय?"

मोजपट्टीने जमिनीवर बसून लिहिलं: आपण पडत का नाही?

आणि ती चिठ्ठी सगळ्यांच्या आधी ठेवली.

त्यापुढे जे घडलं ते तिने नंतर पुष्कळांना सांगून पाहिलं, पण नीट सांगता आलं नाही. दवाखान्याची चार पानं पहिल्या जागी आली आणि त्यांच्या शेवटी आपोआप प्रश्न उभा राहिला, मग कारखान्यात बाबा का पडले? त्याचं उत्तर तेलाच्या प्रकरणात होतं, जे कुणीच विचारलं नव्हतं. आता विचारलं होतं. तेलाच्या शेवटी प्रश्न आला, मग तेल नसताना जमीन धरते कशाने? त्याचं उत्तर अकराव्या चिठ्ठीत होतं, तिच्या प्रयोगशाळेच्या, की दोन पृष्ठभाग आपल्याला वाटतात तसे टेकतच नाहीत. तळहाताएवढा पोलादी ठोकळा पोलादावर ठेवला तर तो खरा टेकतो मोहरीच्या दाण्यापेक्षाही कमी जागेवर, बाकी सगळी हवा. अकराव्याच्या शेवटी ब्रेक होते. ब्रेकच्या शेवटी झिजणं. झिजण्याच्या शेवटी पायऱ्या, मधोमध खोलगट झालेल्या. चिठ्ठ्या सरकत होत्या आणि प्रत्येकीचं शेपूट पुढचीच्या तोंडात जाऊन बसत होतं. तिने एकही नवं वाक्य लिहिलं नव्हतं. सगळे प्रश्न आणि सगळी उत्तरं आधीपासून त्याच गठ्ठ्यात होती, फक्त एकमेकांकडे पाठ करून बसलेली.

तिच्या हातात पेन्सिल होती. पेन्सिलीतलं ग्राफाइट म्हणजे कार्बन, थरावर थर, थर घसरतात म्हणून कागदावर उमटतं. तेच अणू दुसऱ्या तऱ्हेने मांडले की हिरा होतो, आणि काच कापतो. हे तिला शाळेपासून पाठ होतं. परीक्षेत तिने ते कितीदा लिहिलं होतं. ते खरं आहे म्हणजे काय, हे गुडघ्यांवर बसून चिठ्ठ्या सरकवताना तिला पहिल्यांदा कळलं.

"तुम्हाला हे आधीच दिसलं होतं?" तिने विचारलं.

"छे," बाई म्हणाल्या. त्याही जमिनीवर बसल्या होत्या आणि त्यांचे डोळे चमकत होते. "हाड कुठे मोडलंय तेवढं दिसतं मला. जुळल्यावर काय होणार, ते दर वेळी नवंच असतं. म्हणून तर इथे बसते."

एका चिठ्ठीवरून मात्र जुंपली. अकरावं प्रकरण सव्वीस पानांचं, 'आम्ही'ने खच्चून भरलेलं.

"हे कापा म्हणाल तर मी नाही कापणार," मोजपट्टी म्हणाली. "माझी तीन वर्षं आहेत ती."

"कोण कापतंय? आणि तिथला 'आम्ही'सुद्धा राहू द्या. तिथे खरंच तुम्ही होतात, आम्ही नव्हतो. फक्त आधी आपण सगळे मिळून प्रयोगशाळेच्या दारापर्यंत जाऊ. मग तुम्ही आत जा आणि बाहेर येऊन सांगा काय दिसलं. आम्ही थांबतो दारात. दारापर्यंत नेलेला माणूस थांबतो. रस्त्यावरून हाक मारली तर नाही थांबत."

"आणि वंगणाचे प्रकार?"

"त्याची दोन प्रकरणं आहेत. बाबा ज्या तेलावरून पडले ते एकच तेल ठेवा."

ते मात्र तिने तिथल्या तिथे मान्य केलं.

पुढचे काही महिने ती लिहीत होती. अडली की एक्स-रे बाईंकडे जायची, आणि बाई उत्तर न देता विचारायच्या, "आत्ता वाचक कुठे उभा आहे?" सुरुवातीला तिला ही पळवाट वाटे. नंतर तिला तो माणूस दिसायला लागला, काठी टेकून उभा, पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते बघणारा. त्याच्या पायाखाली जमीन आहे की नाही एवढंच बघायचं होतं. जिथे नव्हती तिथे तिने वाक्य घातलं. जिथे तेल होतं तिथे पुसलं.

नवा गठ्ठा दोनशे चाळीस पानांचा झाला. पहिलं पान असं होतं: 'आपण उभे आहोत. एका हाताला भिंत आहे, एका हातात काठी. पाऊल टाकण्याआधी आपण जमिनीकडे बघतो, कारण ती होकार देईल याची खात्री एकदा गेली की पुन्हा सहज येत नाही.'

तिने तो काही न बोलता खिडकीपाशी ठेवला. जुना गठ्ठा उचलला. पितळी पट्टी नव्या गठ्ठ्यावर आडवी ठेवली.

तिने विचारलं नाही. वडिलांनीही काही सांगितलं नाही. चार्जर जमिनीवर आला, एवढंच. मग एका दुपारी आई स्वयंपाकघरातून कुरकुरली, "जेवायला चला म्हणून दोनदा सांगितलं. हे आपले, प्रकरण होऊ दे म्हणतात. औषधाच्या कागदाला असं कधी केलं नव्हतं."

रविवारी शेजारचे काका आले. दारातच उभं राहून म्हणाले, "काय मग, पोरगी अजून घासतेच का?"

"तू उभा आहेस ना?" वडील म्हणाले.

"दिसत नाही का?"

"कशाच्या जोरावर?"

काकांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "चपलांच्या."

"बस इथे. तुला काही माहीत नाही." वडिलांनी काठी उचलून काकांच्या चपलेकडे रोखली. "आपण एवढे भरल्या अंगाचे, आणि टेकतो किती जागेवर, सांग बघू. चप्पल मऊ आहे, ती सोड. लोखंडाचं सांगतो."

मोजपट्टी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. 'आपण' हा शब्द त्यांनी तीनदा वापरला. मोजायचं तिने ठरवलं नव्हतं, पण सवय जात नाही.

काका गेल्यावर वडील हात धुवायला आत गेले. काठीचा आवाज लांब गेला. खिडकीपाशी गठ्ठा होता, पट्टी बाहेर डोकावत होती, व्हर्नियर उन्हात तापला होता. तिने तो हातात घेतला आणि थोडा निवू दिला.

"पट्टी हलवू नकोस," आतून आवाज आला. "तिथंच आहे मी."

"नाही हलवत, बाबा."

कागद दाबला की जाडी कमी भरते, म्हणून तिने जबडे फक्त टेकवले. तीनदा मोजून सरासरी काढली.

पट्टीच्या वर एकवीस पूर्णांक सात मिलिमीटर. खाली दोन पूर्णांक तीन.